नवी इमारत खरंच किती वीज खाते? सोलापूरच्या उन्हात बेंचमार्किंग करायची रीत

होटगी रोडवर एक तीन मजली कार्यालयाची इमारत आहे असं समजा. वर्षभराची बिलं हातात आहेत, मंजूर नकाशा हातात आहे. याच कागदांवरून तिला दोन स्टारची इमारत म्हणता येतं आणि पाच स्टारचीही, तेही एकही आकडा खोटा न लिहिता. कसं, ते पुढे गणितासह येईलच. बेंचमार्किंग म्हणजे वर्षाचे युनिट क्षेत्रफळाने भागायचे आणि आलेला निर्देशांक इतर इमारतींशी ताडायचा. नव्या इमारतीचं ते भागाकारात सहसा चुकत नाही. भागाकाराआधीच्या तीन निर्णयांत चुकतं. कोणती वीज मोजली, किती जागेवर भागली आणि कुठले बारा महिने धरले. हे निर्णय इमारत नवी असतानाच लिहून ठेवता येतात. पाच वर्षांनी कमिटी बदललेली असते, वायरमन दुसरा असतो आणि पार्किंगमधला पंप नेमका कुणाच्या मीटरवर आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

"नवी बिल्डिंग आहे, सगळे एलईडी आहेत, बिल कमीच येणार" हे वाक्य जुळे सोलापुरापासून विजापूर रोडपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पण दिवे हा आता खर्चाचा लहान भाग झालाय. नव्या इमारतीत लिफ्ट आली, बूस्टर पंप आला, सीसीटीव्ही आले, दर्शनी भागाला काच आली आणि त्या काचेमागे एसी आले. जुन्या माळवदी घरावर पांढऱ्या मातीचा जाड थर होता, दुपारचं ऊन खाली यायलाच रात्र व्हायची. आजचा उघडा स्लॅब मे महिन्यात संध्याकाळी सातलाही खालच्या खोलीत उष्णता सोडत असतो. त्यामुळे नवी इमारत कमीच वीज खाईल हे गृहीत धरू नका, मोजा.

खालची रीत सोसायटीची कमिटी, स्वतःचं हॉस्पिटल बांधलेले डॉक्टर, शाळेचे विश्वस्त किंवा कार्यालयाचा व्यवस्थापक, कुणालाही जमेल. एक्सेलची एक फाइल पुरते.

## आधी हद्द आखा

कोऱ्या कागदावर इमारतीचा चौकोन काढा आणि आत येणारी प्रत्येक ऊर्जा बाणाने दाखवा: महावितरणची जोडणी, जनरेटरचं डिझेल, छतावरचं सौर, कॅन्टीन किंवा स्वयंपाकघर असेल तर गॅस. मग त्यातलं काय तुमच्या इमारतीचं आणि काय दुसऱ्याचं हे ठरवा.

सोसायटीत दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. एक कॉमनचा: लिफ्ट, पंप, जिना, पार्किंग, गेट. दुसरा घरांचा. घरांची बिलं ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, ती संमतीनेच मागायची. "काकू, फक्त युनिटचा आकडा हवाय, रक्कम नको" असं म्हटलं की बहुतेक जण देतात. सगळे देणार नाहीत. दिलेल्या घरांची सरासरी काढताना रिकामी घरं मात्र बाजूला काढा.

सोलापूरच्या पूर्व भागात अडचण वेगळी असते. तिथे नवी इमारतसुद्धा अनेकदा मिश्र असते: तळमजल्यावर युनिफॉर्म किंवा शर्ट शिवण्याचं युनिट, वर राहती घरं. शिलाई मशीन आणि स्टीम इस्त्री हा धंद्याचा भार झाला, इमारतीचा नाही. तो आत धरला तर इमारत विनाकारण बदनाम होते, आणि ऑर्डर नसलेल्या महिन्यात विनाकारण कौतुक होतं. तसंच गच्चीवरचा मोबाइल टॉवर, दर्शनी भागावरचा भाड्याने दिलेला जाहिरात फलक, पार्किंगमधलं गाड्यांचं चार्जिंग. हे मोजा जरूर, पण वेगळ्या रकान्यात.

बांधकामासाठी घेतलेली तात्पुरती जोडणी पूर्ण बाहेर ठेवा.

## क्षेत्रफळ एकदाच ठरवा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून थोडं थांबून बघू. बिल्डरच्या पत्रकात सेलेबल (जिना-लिफ्टसारख्या कॉमन जागेचा वाटा धरून) असतं, मंजूर नकाशात बिल्टअप (भिंती धरून) असतं, रेराच्या कागदावर कार्पेट (भिंतींच्या आतलं) असतं. तिन्ही आकडे खरे, तिन्ही वेगळे, आणि सेलेबल सगळ्यात मोठा. भाजक जितका मोठा तितकी इमारत कागदावर चांगली दिसते, म्हणून विकणाऱ्याचा हात आपोआप सेलेबलकडे जातो.

कार्यालय, दुकान, हॉस्पिटल यांच्यासाठी बिल्टअप घ्या आणि त्यातून पार्किंग वजा करा, मग ते तळघरातलं असो की स्टिल्टचं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं. केंद्राची बीईई (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो) ही संस्था वीजवापर बघून इमारतींना एक ते पाच स्टार देते, त्या योजनेतही पार्किंग धरत नाहीत. घरांसाठी कार्पेट घ्या. तो आकडा नोंदणीच्या कागदावर असतो, त्यामुळे वाद होत नाही. चौरस फुटांना १०.७६४ ने भागलं की चौरस मीटर मिळतात. नंतर कुणी बाल्कनी बंद करून खोलीत घेतली किंवा गच्चीवर पत्र्याची शेड टाकली, तर त्या तारखेसह नोंद करा.

आणखी एक आकडा आत्ताच मोजून ठेवा: एसी असलेलं क्षेत्र एकूण क्षेत्राच्या किती टक्के. पुढे तुलना करताना सगळं त्यावर फिरतं. हे सगळे आकडे एका कागदावर लिहून अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या घ्या.

## पॅनल बंद व्हायच्या आत मीटर

वायरिंगचं काम चालू असतानाचा संवाद साधारण असा होतो.

"मालक, सगळा कॉमन एकाच मीटरवर टाकतो. काम मोकळं."

"नको अण्णा. लिफ्ट वेगळी, पंप वेगळा, दिवे वेगळे काढून द्या. तिन्हीला सबमीटर."

"पॅनल बसायच्या आत सांगितलात ते बरं झालं. आता होतंय की. नंतर म्हटला असता तर सगळी केबल उपसायला लागली असती."

अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पॅनल बनवताना वेगळे फीडर काढायला फारसं काही लागत नाही. राहत्या इमारतीत तेच काम दिवसभर वीज बंद ठेवून करावं लागतं. सोसायटीला वर सांगितलेले तीन सबमीटर पुरे. कार्यालयाला एसी, दिवे-पंखे, सर्व्हर-यूपीएस, लिफ्ट-पंप असे चार. हॉस्पिटलला ऑपरेशन थिएटरची हवा आणि एक्स-रे, सीटी स्कॅन अशी यंत्रं आणखी वेगळी. त्याहून जास्त मीटर लावून उपयोग नाही, कारण ते वाचायला माणूस लागतो.

बसवल्यावर एक चाचणी करायचीच. मुख्य मीटर आणि सगळे सबमीटर एकाच वेळी वाचा, आठवड्याने पुन्हा वाचा. सबमीटरची बेरीज मुख्य मीटरच्या आसपास यायला हवी. चार-पाच टक्क्यांचा फरक चालतो; वीस-तीस टक्के आला तर कुठेतरी सीटी (मोठा प्रवाह मीटरसाठी लहान करून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) उलटा बसलाय, सीटीचं गुणोत्तर मीटरमध्ये चुकीचं भरलंय, किंवा एखादी केबल कुठल्याच सबमीटरमधून जात नाही. शेवटचं कारण सर्वात जास्त सापडतं. ती केबल बहुधा गेटच्या किंवा गच्चीच्या दिव्यांची निघते.

## आर्किटेक्टकडून डिझाइनचा आकडा मागून घ्या

नव्या इमारतीला जुन्या इमारतीपेक्षा एक फायदा असतो: कागदावरचा अंदाज उपलब्ध असतो, किंवा निदान मागता येतो. पुढे प्रत्यक्ष आकड्याशी ताडून बघायला तो हवाच.

व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन इमारत संहिता आहे. ती पहिल्यांदा २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॉट किंवा जास्त जोडभार (जोडलेल्या सगळ्या उपकरणांची एकूण क्षमता), अथवा १२० केव्हीए किंवा जास्त करार मागणी (वीज कंपनीशी ठरवलेली कमाल मागणी) असलेल्या इमारती २०१७ च्या संहितेच्या कक्षेत येतात. तिच्यात संगणकावर दोन इमारती उभ्या करतात. एक तुमची, दुसरी तशीच पण संहितेची किमान मानकं पाळणारी. तुमचा वार्षिक वापर भागिले तिचा वापर, हे गुणोत्तर एकपेक्षा जास्त असून चालत नाही. हा अहवाल तयार असेल तर त्यातलं वार्षिक युनिटांचं पान मागा. नुसतं "पास" लिहिलेलं प्रमाणपत्र उपयोगाचं नाही. आणि त्या हिशेबात कामाचे तास किती धरले, माणसं किती धरली, एसी किती तापमानावर धरला, हे गृहीतकांचं पानही घ्या. आठ तास धरलेली इमारत बारा तास चालली तर ती नापास होत नाही, गृहीतक बदलतं.

घरांसाठी २०१८ ची इको-निवास संहिता आहे. तीत वापराचे युनिट नाहीत. भिंती, खिडक्या आणि छत यांतून किती उष्णता आत येते ते बघतात. लक्षात ठेवण्यासारखे आकडे तीन. भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेचा निर्देशांक दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा जास्त नको. छताचं उष्णता-वहन मूल्य (यू-व्हॅल्यू, म्हणजे एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते) १.२ पेक्षा जास्त नको. उष्ण-कोरड्या भागात खिडक्यांचा उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्राच्या किमान १० टक्के हवा. सोलापूर संहितेच्या यादीत उष्ण-कोरड्या विभागातच येतं. यातला छताचा मुद्दा इथे सर्वात महत्त्वाचा. नुसत्या काँक्रीटच्या स्लॅबचं मूल्य या मर्यादेच्या अडीच-तीन पट असतं. वर काहीतरी उष्णतारोधक घातल्याशिवाय तो बसतच नाही. सरकणाऱ्या खिडकीची अर्धीच बाजू उघडते हेही दहा टक्के मोजताना विसरू नका.

## कुठले बारा महिने?

ताबा मिळाल्या दिवसापासून बारा महिने मोजणं हा सर्वात सोपा आणि सर्वात निरुपयोगी मार्ग. पहिले काही महिने घराघरांत फर्निचरचं काम चालतं, कटर आणि ड्रिल दिवसभर फिरतात, आणि त्यांची वायर अनेकदा जिन्यातल्या कॉमन पॉइंटला लावलेली असते. नव्या काँक्रीट-प्लास्टरमध्ये ओल असते, एसीला ती बाहेर काढायचं जास्तीचं काम पडतं. अर्ध्या फ्लॅटमध्ये कुणी राहायला आलेलं नसतं. लिफ्टचे दिवे आणि सीसीटीव्ही मात्र सगळ्यांसाठी चालूच असतात.

म्हणून दर महिन्याला वापरात असलेल्या जागेची टक्केवारी लिहीत जा. सुमारे ७५-८० टक्के भरली आणि दोन-तीन महिने स्थिर राहिली की तिथून बारा महिने धरा. तोपर्यंतचे आकडेही ठेवा, पण त्यांना बेंचमार्क म्हणू नका. सोसायटी भरायला चार वर्षं लागणार असतील तर दर चौरस मीटरऐवजी दर वापरातल्या घरामागे कॉमनचे युनिट काढा. तो आकडा दर तिमाहीला खाली येत गेला पाहिजे.

हॉस्पिटलला जागेसोबत खाटांचाही हिशेब लागतो. स्टेशनजवळच्या लॉजला भरलेल्या खोल्यांचा, कारण पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या यात्रेकरूंवर त्यांचा महिना हलतो.

## बिलातून खरे युनिट काढणं

महावितरणचं बिल वाचताना पाच ठिकाणी लक्ष द्या.

पहिलं, कालावधी. बिल एक तारखेला सुरू होऊन तीसला संपत नाही. दोन रीडिंगच्या तारखांमधल्या दिवसांनी युनिट भागा, मग महिन्याच्या दिवसांनी गुणा.

दुसरं, सरासरीचं बिल. मीटर नादुरुस्त होता किंवा रीडिंग घेता आलं नाही तर अंदाजे युनिट लावलेले असतात, आणि पुढच्या बिलात सगळं एकदम वसूल होतं. असे दोन-तीन महिने एकत्र करून त्यांची दिवसांवर वाटणी करा.

तिसरं, गुणक. मोठ्या जोडणीचा मीटर सीटीवर चालतो, त्याचं रीडिंग गुणकाने गुणावं लागतं. बिलात ते केलेलं असतं. तुम्ही स्वतः मीटर वाचता तेव्हा विसरायला होतं.

चौथं, मोठ्या ग्राहकांना आकारणी केव्हीएएचवर होते, म्हणजे प्रत्यक्ष कामाला न येणारा प्रवाहही त्यात धरतात. इमारतीच्या निर्देशांकासाठी केडब्ल्यूएच, म्हणजे नेहमीचे युनिटच घ्यायचे. पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) ०.९५ असेल तर दोन्हींत पाचेक टक्क्यांचा फरक पडतो, आणि तुलना करताना पाच टक्के थोडे नसतात.

पाचवं सौर, आणि इथे जवळजवळ सगळे घसरतात. नेट मीटरच्या बिलात घेतलेल्या युनिटांतून दिलेले युनिट वजा होतात आणि उरलेल्यांचे पैसे लागतात. पण छतावर तयार होऊन जागच्या जागी वापरली गेलेली वीज त्या मीटरपर्यंत पोहोचतच नाही. ती इन्व्हर्टरजवळच्या निर्मिती मीटरवर दिसते. म्हणून इमारतीचा खरा वापर असा काढा: महावितरणकडून घेतलेले युनिट, अधिक सौर निर्मिती, वजा ग्रिडला दिलेले युनिट. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून घरोघरी सौर बसतंय, त्यामुळे "बिल शून्य आलं" म्हणजे "वापर शून्य" असा समजही घरोघरी गेलाय. बिल शून्य असलेल्या घरात जुना फ्रिज पूर्वीइतकीच वीज खात असतो.

डिझेलचा हिशेब जनरेटरला मीटर असेल तर युनिटांत ठेवा. नसेल तर लिटरमागे तीन ते साडेतीन युनिट धरतात. एकदा धरलेला आकडा बदलू नका.

## एकच इमारत, पाच स्टार आणि दोन स्टार

आता होटगी रोडची ती काल्पनिक इमारत घेऊ. पार्किंग वगळून बिल्टअप १,२०० चौरस मीटर, पार्किंग २५० चौरस मीटर, बिल्डरच्या पत्रकातलं सेलेबल १,७०० चौरस मीटर. एसी निम्म्याहून कमी जागेत.

वर्षभरात महावितरणकडून घेतले ६१,२०० युनिट. छतावरच्या १० किलोवॉट सौरने १४,००० युनिट तयार केले, त्यातले ३,२०० ग्रिडला गेले. डिझेल ६०० लिटर, लिटरमागे ३.२ धरून १,९२० युनिट.

बीईईने २००९ मध्ये कार्यालयांसाठी स्टार योजना आणली तेव्हा उष्ण-कोरड्या विभागात, निम्म्याहून कमी एसी असलेल्या इमारतींसाठी दर चौरस मीटरमागे वर्षाला असे पट्टे ठेवले होते: ७५ ते ६५ युनिट एक स्टार, ६५ ते ५५ दोन, ५५ ते ४५ तीन, ४५ ते ३५ चार, आणि ३५ च्या खाली पाच.

- बिलातले निव्वळ ५८,००० युनिट भागिले सेलेबल १,७०० : ३४.१. पाच स्टार!
- तेच ५८,००० भागिले पार्किंग धरून १,४५० : ४०. चार स्टार.
- घेतलेली वीज आणि डिझेल मिळून ६३,१२० भागिले १,२०० : ५२.६. तीन स्टार.
- घेतलेली, जागेवर वापरलेली सौर आणि डिझेल, सगळं मिळून ७३,९२० भागिले १,२०० : ६१.६. दोन स्टार.

बीईईची पद्धत जागेवरची सौरऊर्जा वगळते, त्यामुळे स्टारच्या तुलनेसाठी तिसरा आकडा धरायचा. पण इमारत आणि तिच्यातली यंत्रं कशी आहेत हे चौथा आकडा सांगतो. दोन्ही लिहा. पहिले दोन आकडे कुणी दाखवले तर भाजक विचारा. मी तरी कुठल्याही इमारतीचा एकच आकडा, सोबत क्षेत्रफळाचा प्रकार नसेल, तर वाचतसुद्धा नाही.

## तुलना कशाशी करायची

वरचे पट्टे वापरताना तीन पथ्यं. विभाग बदलू नका: दमट मुंबईसाठीचे पट्टे सैल आहेत, ते सोलापूरला लावायचे नाहीत. एसीचं प्रमाण निम्म्याहून जास्त असेल तर पट्टे पूर्ण वेगळे होतात. त्याच योजनेत उष्ण-कोरड्या भागात एक स्टार १८० पासून सुरू होतो आणि पाच स्टार ८० च्या खाली. म्हणून ते टक्के आधीच मोजायला सांगितले. आणि ही योजना १०० किलोवॉट किंवा जास्त जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. लहान कार्यालयाने पट्टे अंदाजापुरते वापरावेत, दारावर स्टार लावू नयेत. पट्टे वेळोवेळी बदलतात, अर्ज करायचा असेल तर त्या वेळचे घ्या. चोवीस तास चालणाऱ्या कॉल सेंटरसारख्या ठिकाणी क्षेत्रफळासोबत कामाच्या तासांनीही भागतात, नाहीतर ते कायम शेवटचेच येतील.

घरांच्या बाबतीत सर्वात चांगली तुलना शेजाऱ्याशी. एकाच नकाशाची, एकाच तोंडाची घरं असतील तर क्षेत्रफळ, भिंती, खिडक्या सगळं सारखं. उरतो तो मजला आणि माणसं. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगर वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये एकाच वेळी १५,००० घरांचं लोकार्पण झालं. अशा वसाहतीत दहा-वीस कुटुंबांनी युनिट एकत्र मांडले तरी वरच्या मजल्याला छताचा भुर्दंड किती पडतो हे कळेल. असा नमुना संगणकावर उभा करायला पैसे पडतात, इथे तो आयता आहे.

## उन्हाळा वजा करून बघा

यंदाचा मे मागच्या मेपेक्षा तापला तर युनिट वाढणारच. त्याचा दोष इमारतीला देता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. रोजच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढा, त्यातून एक ठरलेलं आधार-तापमान वजा करा, उत्तर ऋण आलं तर शून्य धरा, महिनाभराची बेरीज करा. कमाल ४२ आणि किमान २७ असेल तर सरासरी ३४.५, आधार २४ धरला तर त्या दिवसाचे साडेदहा. सोलापूरचं रोजचं तापमान हवामान खात्याकडून मिळतं.

आता एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर ही बेरीज आणि उभ्या अक्षावर महिन्याचे रोजचे सरासरी युनिट असे बारा ठिपके टाका, रेष काढा. रेष उभ्या अक्षाला जिथे छेदते तो तुमचा बारमाही भार, हवामानाशी संबंध नसलेला. रेषेचा चढ म्हणजे गारवा आणायची किंमत. चढ तीव्र असेल तर छत, काच आणि एसीकडे बघा. छेद उंच असेल तर पंप, सर्व्हर आणि रात्रीच्या भाराकडे. जुलै ते सप्टेंबरचे ठिपके रेषेपासून थोडे वर दिसले तर दचकू नका: तेव्हा हवा दमट होते, कूलर निकामी ठरतात आणि लोक एसी लावतात. मार्च ते मे मात्र सोलापूरच्या कोरड्या हवेत कूलर चांगलाच चालतो, आणि दोनशे वॉटच्या आसपासचा कूलर जिथे भागवतो तिथे दीड टनी एसी दीड किलोवॉटच्या आसपास घेतो. कूलरवाल्या इमारतीचा निर्देशांक म्हणूनच एसीवाल्या इमारतीशेजारी ठेवायचा नाही.

## रात्रीचा आकडा

सर्व कसरतींत मला ही सर्वात आवडते, कारण हिला बिल लागत नाही. रात्री अकराला मुख्य मीटर वाचा, सकाळी सहाला वाचा. कार्यालय बंद, माणूस नाही, आणि सात तासांत चौदा युनिट गेले, तर दोन किलोवॉट कशासाठी तरी चालू आहेत. वरच्या इमारतीत कामाचे तास वर्षाला तीन हजार धरले तर उरलेल्या ५,७६० तासांत ११,५२० युनिट होतात. एकूण वापराच्या पंधरा टक्क्यांहून जास्त.

मग टॉर्च घेऊन फिरा. रात्रभर थंड होणारा पाण्याचा कूलर. चालू राहिलेला फलक. रिकाम्या खोलीतला सर्व्हरचा एसी अठरावर. बॅटरी भरून झाल्यावरही गरम असलेला यूपीएस. एकेक बंद करत मीटरच्या दिव्याची उघडझाप मंदावते का बघा. नव्या इमारतीत हमखास सापडणारी गोष्ट म्हणजे टायमर: तो बसवलेला असतो, पण त्याच्यावर वेळ कुणी लावलेलीच नसते.

## पंपाचं गणित

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे प्रत्येक नव्या इमारतीला मोठा हौद, वर टाकी आणि मध्ये पंप. ही वीज कुणी वेगळी मोजत नाही, आणि हिचा बेंचमार्क शाळेतल्या भौतिकशास्त्रातून काढता येतो. एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला २.७२५ वॉट-तास लागतात. घर्षण धरून २५ मीटर उंची आणि पंप-मोटर मिळून ४० टक्के कार्यक्षमता घेतली, तर हजार लिटरला ०.१७ युनिट. चाळीस घरं, घरटी रोज ५०० लिटर, म्हणजे २०,००० लिटर: दिवसाला साडेतीन युनिटांच्या आत.

सबमीटर रोज आठ युनिट दाखवत असेल तर तीन शक्यता. टाकी भरून वाहते, कारण फ्लोट अडकलाय. फूट व्हॉल्व्ह गळतोय आणि पंप अर्धा वेळ हवा ओढतोय. किंवा बिल्डरने गरजेपेक्षा फार मोठ्या दाबाचा पंप बसवलाय. उन्हाळ्यात बोअरचं पाणी घेत असाल तर ते वेगळं लिहा. १०० मीटर खोलीवरून उचलायला हजार लिटरला सुमारे ०.६८ युनिट लागतात, हौदातल्या पाण्याच्या चौपट. टँकर आला त्या दिवशी "टँकर" एवढंच लिहा. नाहीतर एप्रिलचा आकडा पाहून पंप बदलाल आणि दोष पाण्याच्या जागेत असेल.

## कमी युनिट, पण आत किती तापतं?

उकाडा सहन करणाऱ्यांच्या घराचा निर्देशांक कायम सुंदर येतो. म्हणून युनिटांच्या रकान्याशेजारी आतलं तापमान हवंच. साधे डिजिटल थर्मामीटर घ्या: एक सर्वात वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या खोलीत, एक मधल्या मजल्यावर, एक बाहेर सावलीत. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन आणि रात्री दहाची नोंद करा. पंखा चालू, एसी बंद ठेवून. रात्री दहाला वरची खोली बाहेरच्या हवेपेक्षा चार-पाच अंश गरम असेल तर तो स्लॅबच दिवसभराचं ऊन परत करतोय.

अशा ठिकाणी पुढच्या मार्चच्या आत गच्चीवर पांढरा परावर्तक थर द्या किंवा उष्णतारोधकावर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं कोबा काम करून घ्या, आणि त्याच जागी, त्याच वेळी, त्याच थर्मामीटरने पुन्हा मोजा. एसी असलेल्यांनी तोवर सेटिंग २४ वर आणावं; २०२० पासून स्टार लेबल असलेले नवे रूम एसी मुळातच २४ वर सुरू होतात, आपण रिमोट दाबून खाली नेतो. बीईईच्या अंदाजाने प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते.

सगळे आकडे एका फाइलमध्ये ठेवताना पहिल्या पानावर हद्दीचा तो चौकोन, सह्या केलेलं क्षेत्रफळ, सबमीटरचे क्रमांक आणि प्रत्येकावर काय जोडलंय ते लिहा. त्याची एक छापील प्रत पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढचा वायरमन एक्सेल उघडणार नाही, पॅनलचं दार मात्र उघडेलच.